होमब्रूचं सामान: दुकानातून घेऊ की ऑनलाइन मागवू? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरी बिअर, सायडर (सफरचंदाची), मीड (मधाची) करणाऱ्यांचे जे मेसेज येतात त्यातले निम्मे रेसिपीचे नसतातच, सामान कुठून घेऊ याचेच असतात. तेच उत्तर परत परत टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. प्रश्न ज्या शब्दांत आले जवळपास त्याच शब्दांत ठेवलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात घुसत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. मी अजून काहीच घेतलेलं नाही. पहिल्या बॅचला नक्की काय काय लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी लागतं. झाकणाला भोक असलेला फूड-ग्रेड फर्मेंटर (ज्यात बिअर आंबते ते भांडं), त्या भोकात बसणारा एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडतो, हवा आत येऊ देत नाही), मोठं पातेलं, थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवात साखर किती आहे ते दाखवतो), सॅनिटायझर, सायफन आणि नळी, बाटल्या, क्राउन कॅप (पत्र्याची झाकणं) आणि त्या बसवायचा कॅपर. कच्चा माल म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक बार्ली) किंवा माल्टचा अर्क, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट आणि पाणी. पातेलं घरात असेलच. बाटल्या जुन्या धुऊन चालतात, फक्त फिरवून उघडायच्या झाकणाच्या घेऊ नका, त्यांच्यावर साधी कॅप घट्ट बसत नाही आणि गॅस हळूहळू निघून जातो.

चिलर (उकळलेलं गार करायला), मिल (माल्ट भरडायला), केग (बाटल्यांऐवजी बिअर भरायची टाकी), रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून साखर मोजायला) हे सगळं पाच-सहा बॅच होईपर्यंत बघूही नका. हायड्रोमीटर मात्र "नंतर घेतो" म्हणून टाळू नका. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे फर्मेंटेशन (आंबणं) संपलं असं नसतं, दोन-तीन दिवस रीडिंग तेच आलं की संपलं. हे न बघता बाटल्या भरल्या की त्या फुटतात, आणि फुटलेली बाटली म्हणजे गंमत नाही.

२. एका वाक्यात सांगा ना, दुकान की ऑनलाइन?

जे शिळं होतं ते जिथे तारीख बघून घेता येईल तिथून घ्या, जे शिळं होत नाही ते जिथे स्वस्त आणि चांगलं मिळेल तिथून घ्या. यीस्ट, हॉप्स, भरडलेलं माल्ट, माल्टचा पातळ अर्क हे शिळं होणारं. फर्मेंटर, कॅपर, नळ्या, गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर, हायड्रोमीटर हे न होणारं.

आता यात मेख अशी आहे की "तारीख बघता येणं" म्हणजे दुकानच असं काही नाही. एखादा ऑनलाइन विक्रेता हॉप्सचं पीकवर्ष आणि यीस्टची तारीख पानावर लिहितो, आणि एखाद्या दुकानात यीस्टच्या पाकिटावरच्या तारखेवर बरोब्बर किमतीचा स्टिकर चिकटवलेला असतो. मी एकदा नखाने तो स्टिकर खरवडून बघितला, खाली तारीख उलटून पाच महिने झालेले. दुकानदार म्हणाला, "अहो, चालतं ते." त्या दिवसापासून मी स्टिकर खरवडतो आणि लाजत नाही.

३. ऑनलाइन नेहमी स्वस्तच पडतं ना?

सुट्या वस्तूची किंमत बहुतेक वेळा कमी दिसते, पण पार्सलचा खर्च वजनावर असतो आणि या छंदातला निम्मा माल जड आहे. १९ लिटरच्या साध्या ऑल-ग्रेन (अर्क न वापरता नुसत्या माल्टच्या) बॅचला चार ते साडेचार किलो माल्ट लागतं. त्यावर कुरिअर लावा आणि मग दुकानातला भाव बघा, बऱ्याचदा बरोबरी होते किंवा दुकान स्वस्त पडतं. उलट हॉप्स आणि ड्राय यीस्ट हलकं असतं, तिथे ऑनलाइन जिंकतं.

दुसरा छुपा खर्च म्हणजे "फ्री डिलिव्हरीसाठी अजून थोडं घ्या". माझ्या कपाटात तीन प्रकारचे बंग (भोकात बसवायची बुचं) आहेत, त्यातला एकही माझ्या कुठल्याच फर्मेंटरला बसत नाही, ते सगळे असेच आलेत.

४. स्टार्टर किट घेऊ की सुटं सुटं जमवू?

पहिल्यांदा असाल तर किट चालेल, पण आत काय आहे ते यादी वाचून घ्या, फोटो बघून नको. स्वस्त किटमध्ये हायड्रोमीटर वगळलेला असतो आणि सॅनिटायझरच्या जागी नुसता क्लीनर असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, क्लीनर घाण काढतो, सॅनिटायझर जंतू मारतो, आणि घाण असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग नसतो.

डब्यातल्या अर्काच्या किटमध्ये झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी असते, पाच-सात ग्रॅमची. डबा गोडाऊनमध्ये, ट्रकमध्ये, शेल्फवर कितीही महिने तापलेला असू शकतो आणि पुडीही त्याच्यासोबत तापलेली असते. मी ती पुडी वापरत नाही, वेगळं ताजं पाकीट घेतो. किट दुकानातून घेताय तर दुकानदाराला सांगून तिथल्या तिथे बदलून घेता येतं, ऑनलाइन घेताना पाकीट वेगळं कार्टमध्ये टाका.

अजून एक, किट किती लिटरचं आहे ते बघा. त्याचं कारण ११ मध्ये आहे.

५. यीस्ट पार्सलने मागवलं तर मरत नाही का?

ड्राय यीस्ट सहसा मरत नाही. बिअरच्या यीस्टचं सहसा ११ किंवा ११.५ ग्रॅमचं पाकीट, आत ओलावा जवळपास नाही, प्रवासात दोन-चार दिवस गरम झालं तरी सहन करतं. फर्मेंटिस कंपनी आपल्या ड्राय यीस्टच्या माहितीपत्रकात २४ अंश सेल्सियसच्या खाली ठेवा म्हणते, पण आठवड्याच्या आतल्या काळासाठी त्यात सूटही देते. त्यामुळे यूएस-०५, नॉटिंगहॅम, ईसी-१११८ असली पाकिटं मी बिनधास्त ऑनलाइन मागवतो आणि आली की फ्रिजमध्ये टाकतो. फक्त पाकीट हाताला कडक लागलं पाहिजे. मऊ, फुगलेलं, हवा शिरलेलं असेल तर वापरू नका.

लिक्विड यीस्टचं प्रकरण वेगळं. ताज्या पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि थंड ठेवलं तरी महिन्याला वीसेक टक्के मरतात असा ढोबळ हिशोब सगळे धरतात. म्हणजे तीन महिने जुनं पाकीट अर्ध्यावर आलेलं असतं. हे फ्रिज असलेल्या दुकानातून घेणं केव्हाही बरं, आणि पाकीट त्या फ्रिजमध्येच होतं का काउंटरवर पडलेलं होतं तेही बघा. ऑनलाइनच घ्यावं लागलं तर बर्फाची पिशवी सोबत घ्या, सोमवारी पाठवायला सांगा म्हणजे शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये अडकणार नाही.

६. लिक्विड यीस्ट आलं पण पिशवी कोमट आहे, बर्फाचं पाणी झालंय. फेकून देऊ?

लगेच नको. बर्फ वितळणं हे होणारच असतं, तो वाटेत गरमी कमी करायला असतो, येईपर्यंत टिकायला नाही. पाकीट फ्रिजमध्ये ठेवा आणि ब्रू करायच्या दोन दिवस आधी स्टार्टर (माल्टच्या थोड्या पाण्यात यीस्ट आधी जागवणं) करून बघा: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा कोरडा अर्क), १० मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, यीस्ट टाका, तोंडावर सॅनिटाइझ केलेली फॉइल सैल झाका. अधूनमधून हलवत राहा. दीड दिवसात फेस, ढगाळपणा, तळाला पांढरा थर दिसला म्हणजे जिवंत आहे, आणि वाढलंय पण. काहीच झालं नाही तर मग विक्रेत्याला फोटो पाठवा.

पाकीट फुगलेलं आलंय म्हणून पण घाबरू नका. काही पाकिटांच्या आत पोषकद्रव्याची छोटी पिशवी असते, ती हाताने फोडायची असते आणि वाटेतल्या धक्क्यांनी कधी आपोआप फुटते. मग यीस्ट जागं होतं, गॅस करतं आणि पाकीट फुगतं. अशा वेळी ठरवलेला ब्रू डे अलीकडे आणा, एवढंच.

७. हॉप्स दुकानात सुटे मिळतात, ते घेऊ का?

सुटे कसे ठेवलेत त्यावर. मी एका दुकानात काचेच्या बरण्यांत, खिडकीपाशी, उन्हात हॉप्स ठेवलेले बघितलेत. दिसायला फार सुंदर. पण हॉप्सचे तीन वैरी, हवा, उष्णता आणि उजेड, तिघांचीही तिथे सोय केलेली होती.

चांगले हॉप्स हवा न शिरणाऱ्या फॉइलच्या पाकिटात, नायट्रोजन भरून किंवा व्हॅक्युम करून, फ्रिज किंवा फ्रीझरमध्ये असतात. व्हॅक्युमचं पाकीट हाताला विटेसारखं घट्ट लागतं. साधारण २० अंशांवर सहा महिने उघडे राहिले तर कॅस्केडसारख्या जातीतलं, कडवटपणा देणारं अल्फा अ‍ॅसिड निम्म्यावर येतं, मॅग्नमसारख्या जाती त्यामानाने टिकतात. दुकानात संधी मिळाली तर वास घ्या. गवत, संत्र्याची साल, राळ, मसाला असा काही येईल तर ठीक. जुनं चीज किंवा घामट मोज्यांचा वास आला तर ते आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिड, परत ठेवा.

ऑनलाइनला वास घेता येत नाही पण पीकवर्ष आणि अल्फा टक्का वाचता येतो. उत्तर गोलार्धातलं पीक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतं, दक्षिण गोलार्धातलं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, त्यामुळे गेल्या वर्षाचा शिक्का बघून लगेच नाक मुरडू नका, कुठलं पीक आहे ते आधी बघा. आणि अल्फा टक्का दर वर्षी बदलतो. रेसिपीत ६ टक्क्यांचे ३० ग्रॅम लिहिले असतील आणि तुमच्या हातातले ९ टक्क्यांचे असतील तर कडवटपणासाठी २० ग्रॅम पुरतात. पाकिटावर टक्काच लिहिलेला नसेल तर ते हॉप्स फक्त शेवटी, वासासाठी वापरा. दुकानात सुटं वजन करून दिलं असेल तर पुडीवर टक्का आणि वर्ष पेनाने लिहून घ्या, घरी आल्यावर आठवत नाही.

८. माल्ट भरडलेलं घेऊ की आख्खं?

मिल नसेल तर भरडलेलंच, दुसरा इलाज नाही. पण भरडलेलं माल्ट हवेतला ओलावा ओढतं, मऊ पडतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत वापरेन एवढंच घ्यायचं. आख्खं माल्ट कोरड्या गार जागी बंद डब्यात वर्षभर आरामात राहतं.

इथे दुकानाचा फायदा खरा कळतो. भरडताना समोर उभे राहा आणि पहिली मूठ हातात घेऊन बघा. प्रत्येक दाणा फुटलेला हवा, आतला पांढरा भाग दोन-चार तुकड्यांत हवा, पण तूस शक्यतो अख्खं, लांबट राहिलेलं हवं. आख्खे दाणे दिसले तर मिल जास्त उघडी आहे, साखर कमी निघेल. सगळं पीठच झालं असेल आणि तुसाचा भुगा असेल तर मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट) गाळताना गाळणी तुंबेल, कारण तूसच तर गाळणीचं काम करतं. मिलच्या रोलरमधली फट साधारण एक मिलिमीटर ठेवतात, मापायला फीलर गेज लागतो, दुकानदाराला विचारलं तर चांगला दुकानदार रागावत नाही उलट खूश होतो. बॅगेत मॅश करत असाल तर त्याला सांगा, थोडं बारीक चालतं.

ऑनलाइनवाले "भरडून देऊ का" असा चौकोन ठेवतात. तो टिक करायला विसरलात तर साडेचार किलो आख्खं माल्ट घरी येतं, आणि मग लाटणं घेऊन बसावं लागतं. मी बसलोय. दोन तास.

९. पातळ अर्क का कोरडा अर्क, आणि कुठून?

पातळ अर्कात साधारण २० टक्के पाणी असतं आणि तो वयानुसार काळवंडतो, चवीला जुन्या गुळमट शाईसारखा होतो (शाई मी चाखलेली नाही, पण ज्यांनी अशी बिअर प्यायली त्यांना कळेल). हलक्या रंगाची बिअर करायची आणि हाती तपकिरी आली, असं होतं त्याचं हे मुख्य कारण. ज्या दुकानात पिंपातून सुटा काढून देतात आणि खप भरपूर आहे तिथे तो ताजा मिळतो. खप नसेल तर डबा असो की पिंप, दोन्ही नको.

कोरडा अर्क ऑनलाइन घ्या, हलका असतो, टिकतो. एक किलो पातळच्या जागी साधारण ८०० ग्रॅम कोरडा. पाकीट उघडलं की घट्ट बंद करा, नाहीतर दगड होतो.

१०. दुकानदाराच्या सल्ल्यावर किती भरवसा ठेवायचा?

तो स्वतः ब्रू करतो का ते आधी विचारा. करत असेल तर त्याच्याकडे दहा मिनिटं उभं राहणं हे दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचं. माझ्या तिसऱ्या बॅचच्या वेळी मी काउंटरवर यादी ठेवली, त्याने वाचली आणि विचारलं, "घरात तापमान किती असतं?" मी म्हटलं, पंचवीस-सव्वीस. त्याने माझ्या यादीतलं लागर यीस्ट काढून बाजूला ठेवलं, ते १२ अंशांच्या आसपास हवं असतं, आणि दुसरं पाकीट दिलं जे गरमीत चांगलं चालतं. दोन्हींची किंमत सारखी होती, त्याला काहीच सुटलं नाही. ऑनलाइन कार्टने मला कधी घरातलं तापमान विचारलेलं नाही.

पण सगळेच तसे नसतात. न विचारता सगळ्यात महाग फर्मेंटर समोर आणणारा, "सेकंडरीत टाकलंच पाहिजे" म्हणत दुसरा कार्बॉय (अरुंद तोंडाचं मोठं भांडं) गळ्यात मारणारा, हेही भेटतात. साध्या एल (लागरपेक्षा गरमीत आंबणाऱ्या) बिअरला दुसऱ्या भांड्यात काढायची गरज सहसा नसते, उलट हवा लागायची भीती असते.

११. परदेशी साइटवर व्हरायटी भारी आहे. मागवताना काय बघू?

मापं. जवळपास सगळ्या चुका मापांच्या असतात.

अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. म्हणून अमेरिकन पाच गॅलनचं किट १९ लिटरचं आणि ब्रिटिश पाच गॅलनचं २३ लिटरचं. १९ चं किट २३ मध्ये केलं की पाणचट, आणि २३ चं किट २३ लिटरच्याच फर्मेंटरमध्ये केलं की फेस एअरलॉकमधून छताला. किटपेक्षा चार-पाच लिटर मोठं भांडं हवं.

माल्टचा रंग अमेरिकेत लोव्हिबाँडमध्ये मोजतात, युरोपात ईबीसीत. ईबीसीचा आकडा साधारण दुप्पट येतो. "क्रिस्टल ६०" अमेरिकन रेसिपीत बघून युरोपियन साइटवर ६० लिहिलेलं घेतलंत तर निम्म्या रंगाचं माल्ट येईल.

हायड्रोमीटर काही १५.६ अंशांना कॅलिब्रेट केलेले असतात, काही २० ला, त्याच्या आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. आला की त्याच तापमानाच्या साध्या पाण्यात बुडवा, १.००० दाखवला पाहिजे. १.००२ दाखवला तरी फेकायचा नाही, प्रत्येक वेळी दोन पॉइंट वजा करायचे.

क्राउन कॅप २६ मिलिमीटरच्या आणि २९ च्या अशा दोन असतात, बऱ्याच युरोपियन बाटल्यांना मोठी लागते, कॅपरची घंटीही (कॅप दाबणारा भाग) बदलावी लागते. रेग्युलेटरचे आटे देशागणिक वेगळे, ते १३ मध्ये. थर्मामीटरवर नुसतं फॅरनहाइट नाही ना तेही बघून घ्या. आणि बियाणं-धान्य या सदरात कस्टम्सवाले आख्खं माल्ट अडवू शकतात, तुमच्या देशाचे नियम आधी वाचा.

१२. काचेचा कार्बॉय ऑनलाइन मागवू का?

माझं मत, नको. एकदा मागवलेला, बॉक्स उचलला तेव्हाच आतून छुमछुम आवाज आला. पैसे परत मिळाले, पण तुकडे उचलताना बोट कापलं ते परत कोण देणार. काच घ्यायचीच तर दुकानातून, उजेडात फिरवून, बारीक तडा नाही ना बघून घ्या, गाडीत आडवी नको. ओल्या हाताने मानेला धरून उचलू नका.

प्लास्टिक किंवा स्टील ऑनलाइन खुशाल. फक्त प्लास्टिकला आतून कधी घासणी लावू नका, ओरखड्यात जंतू बसतात आणि मग सॅनिटायझर तिथे पोचत नाही.

१३. केगिंग सुरू करायचंय. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ऑनलाइन मिळेल?

रिकामा मिळेल, भरलेला सहसा कुरिअर नेत नाही, दाबाखालचा गॅस असतो. तो भरायला शेवटी जवळच्याच गॅसवाल्याकडे जावं लागतं, म्हणून आधी त्याच्याकडे जाऊन दोन गोष्टी विचारा: तुमचा सिलिंडर भरून देतो की बदलून देतो, आणि टेस्टची कुठली तारीख चालते. सिलिंडरला ठराविक वर्षांनी दाबाची टेस्ट लागते, तारीख मानेवर ठोकलेली असते. बदलूनच देत असेल तर चकचकीत नवा सिलिंडर घेण्यात अर्थ नाही, पहिल्याच फेरीत तो जाईल आणि बदल्यात खरचटलेला येईल.

रेग्युलेटर सिलिंडर ठरल्यावर घ्या. अमेरिकेत सीजीए-३२० आटे, युरोपात बऱ्याच ठिकाणी डब्ल्यू २१.८, एकमेकांना बसत नाहीत. केगमध्ये बॉल लॉक आणि पिन लॉक असे दोन प्रकार, हे जुन्या सॉफ्ट ड्रिंकच्या टाक्या, पेप्सीच्या बॉल लॉक आणि कोकच्या पिन लॉक. कुठलाही घ्या पण एकच घ्या, नाहीतर डिस्कनेक्टचे (केगला नळी जोडायच्या जोडांचे) दोन संच लागतात. जुना केग ऑनलाइन घेतला तर ओ-रिंग सगळ्या बदला, त्यांच्यात आधीच्या सरबताचा वास मुरलेला असतो आणि तो तुमच्या बिअरमध्ये उतरतो.

आणि गॅस बंद खोलीत गळू देऊ नका, हा वायू जमिनीलगत साठतो आणि जीव घेऊ शकतो.

१४. सॅनिटायझर, अ‍ॅसिड वगैरे पार्सलने चालतं?

चालतं, पण बाटली सांडून आली की बाकीच्या मालाचीही वाट लागते, वेगळ्या पिशवीत सीलबंद पाठवायला सांगा. तीव्र अ‍ॅसिडला काही कुरिअर नाही म्हणतात. स्टार सॅनसारखं न धुता वापरायचं सॅनिटायझर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवर चालतं, लिटरला दीड मिली पुरतं, म्हणजे एक बाटली किती बॅच जाते ते बघा. म्हणून मी हे दुकानातूनच घेतो, चार पैसे जास्त गेले तरी वर्षाला एकदाचाच प्रश्न.

ब्रूच्या पाण्यात घालायचं कॅल्शियम क्लोराइड मोठ्या पिशवीत स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, हवेतलं पाणी ओढून चिखल होतं आणि मग वजन खोटं येतं.

१५. सेकंडहँड सामान?

स्टील घ्या, कॅपर घ्या, केग घ्या (ओ-रिंग बदलून, १३ बघा). प्लास्टिकचा फर्मेंटर, नळ्या, सायफन घेऊ नका, कुणाची आंबलेली बॅच त्यात होऊन गेली ते कळायला मार्ग नाही. सिलिंडर टेस्टची तारीख बघूनच.

१६. खराब किंवा चुकीचा माल आला. तक्रार कशी करू?

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. ब्रू डेच्या सकाळी उघडणारे आणि मग "यीस्टच नाहीये" असा मेसेज करणारे दर महिन्याला असतात. फोडायच्या आधी बॉक्सचा फोटो, मग आतला, मग लॉट नंबर आणि तारखेचा. लॉट नंबर सांगितला की विक्रेत्याला बाकीचाही माल तपासता येतो, आणि तुमच्याशी बोलायचा त्याचा सूर बदलतो.

दुकानात सोपं असतं, घेऊन जायचं आणि दाखवायचं. मला एकदा माल्टच्या पोत्यात सोंडे निघाले, अर्धं पोतं वापरलेलं. तसंच बांधून परत नेलं. दुकानदाराने काही न बोलता नवं दिलं आणि मग शेल्फवरची शेजारची दोन पोतीही मागे नेली. पण बिअर बिघडली म्हणून माल परत मागू नका, शंभरात नव्वद वेळा चूक आपल्या सॅनिटेशनची किंवा तापमानाची असते.

१७. रेसिपीतलं यीस्ट दुकानात नाही. दुसरं घेतलं तर?

कंपनीचं नाव बघू नका, तीन गोष्टी जुळवा: कुठल्या तापमानाला चालतं, किती टक्के साखर खातं, आणि स्वभाव स्वच्छ आहे की फळांच्या वासाचा. अमेरिकन पेल एलला यूएस-०५ ऐवजी दुसरं स्वच्छ एल यीस्ट चालेल, पण गव्हाच्या जर्मन बिअरला नाही चालणार, तिथला केळं-लवंगेचा वास यीस्टच आणतं. अशा वेळी रेसिपी बदला किंवा ऑनलाइन मागवून आठवडाभर थांबा. ब्रेडचं यीस्ट "तेच तर असतं" म्हणून टाकू नका, जात तीच असली तरी ते नीट खाली बसत नाही आणि चव ब्रेडची येते.

१८. होलसेलमध्ये २५ किलोचं पोतं घेतलं तर परवडेल?

वर्षात सहा-सात बॅच नक्की करणार असाल आणि मिल असेल तर हो, पण फक्त बेस (मुख्य) माल्टचं. स्पेशल (रंग-चवीसाठीचं) माल्ट बॅचला दोन-तीनशे ग्रॅम लागतं, त्याचं पोतं म्हणजे नातवंडांसाठी ठेव. पोतं ऑनलाइन सहसा परवडत नाही (३ बघा), दुकानदाराला पुढच्या ऑर्डरमध्ये एक पोतं टाकायला सांगा, किंवा तिघं-चौघं मिळून घ्या. हॉप्सचं उलटं, अर्धा किलोचं पाकीट ऑनलाइन घ्या, वाटून व्हॅक्युम करा, फ्रीझरमध्ये टाका.

१९. दुकानात हाताळून बघतो, सगळं विचारून घेतो आणि मग ऑनलाइन मागवतो. यात चूक काय?

कायद्याने काही नाही. पण मला विचाराल तर वाईट वाटतं. ज्याचा अर्धा तास घेतला त्याच्याकडून निदान यीस्ट आणि कॅप तरी घ्या. शिवाय तोही माणूस आहे, चेहरे लक्षात ठेवतो. सरळ सांगितलेलं उत्तम: "हे ऑनलाइन एवढ्याला मिळतंय, तुमच्याकडे जमेल का?" कधी जमतं, कधी नाही म्हणतात, वैर कुणी धरत नाही.

२०. सामान घेणं कायदेशीर आहे ना?

सामान विकणं आणि घरी बिअर करणं या दोन गोष्टी आहेत, दुकान उघडं आहे म्हणजे परवानगी आहे असं धरू नका. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला लागणारं लायसन्स १९६३ मध्ये काढून टाकलं. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्राची परवानगी आली, घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, पण राज्यांनी आपापले नियम ठेवले आणि शेवटच्या दोन राज्यांत, मिसिसिपी आणि अलाबामात, २०१३ उजाडलं. म्हणजे एकाच देशात पण वेगवेगळं असतं. तुमच्याकडे काय आहे ते तुमच्या एक्साइज खात्याच्या नियमांत बघा. घरी केलेली विकणं बहुतेक सगळीकडे बंद आहे. आणि डिस्टिलिंग म्हणजे दारू गाळणं हा वेगळा विषय, लायसन्सशिवाय बहुतेक देशांत गुन्हा, त्याचं सामान कुठून घेऊ हे कृपया मला विचारू नका.

२१. उद्या ब्रू डे आहे, मित्र येणार आहेत आणि पार्सल ट्रॅकिंगमध्ये दोन दिवसांपासून हललं नाही. काय करू?

काय राहिलंय त्यावर. हॉप्स राहिले असतील तर दुकानातून त्याच अल्फाच्या जवळपासचे कुठलेही घ्या, हिशोब ७ मधला. यीस्ट राहिलं असेल तर १७ वाचा, आणि काहीच नाही मिळालं तरी ब्रू करा, गरम वॉर्ट (उकळलेला माल्टचा रस) फूड-ग्रेड कॅनमध्ये काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, आडवा करून झाकण आतून तापवा आणि तसंच गार होऊ द्या, यीस्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलं की टाका. ऑस्ट्रेलियात पुष्कळ लोक असंच करतात, त्याला नो-चिल म्हणतात. कॅन गरमी सोसणारा हवा, साधा पातळ नको. गरम राहिल्याने कडवटपणा थोडा वाढतो, म्हणून शेवटचे हॉप्स जरा उशिरा टाका.

माल्टच राहिलं असेल तर ब्रू डे पुढे ढकला. मित्रांना बोलवा मात्र, मागची बॅच उघडा आणि बाटल्या धुवायला बसवा.